मध्ये बांध असलेली गादी

आमच्या मिठूला लहानपणी कोणी विचारलं, "जेवलीस का गं?" की ती म्हणायची, "जेवलीस का गं." "आज शाळेत काय शिकवलं?" "काय शिकवलं." चिडवायची नाही हो, मनापासून म्हणायची. समोरच्याला त्याचेच शब्द परत मिळाले की तो हसतो, एवढं तिला दुसरीतच कळलं होतं. तेव्हा तिचं नाव मिठू पडलं ते पडलंच. आता पस्तिशीला आली, केसांत दोनचार पांढरे दिसतात, पण घरात, गल्लीत, बँकेतसुद्धा ती मिठूच. मी तिची आत्या. मी दिवसभर बोलते आणि ती दिवसभर ऐकते, म्हणून आमचं जमतं.

तर ही मिठू आता त्याच खोडीवर पोट भरते. जाहिराती करते ती, नेटवरच्या. मला ते समजायला तीन महिने लागले, तुम्हाला तीन मिनिटांत सांगते. तुम्ही फोनवर काहीतरी शोधता, की सगळ्यात वर एकदोन जाहिराती येतात. त्या जाहिरातीच्या मथळ्यात मिठू एक जागा रिकामी सोडते. तिच्याकडे शब्दांची एक यादी असते. तुम्ही शोधलेले शब्द त्या यादीत असले, की ते आपोआप त्या रिकाम्या जागेत जाऊन बसतात. तुम्ही लिहिलंत "पाठ दुखते म्हणून कडक गादी", तर जाहिरातही म्हणते, "पाठ दुखते म्हणून कडक गादी, आमच्याकडे मिळेल". तुम्हाला वाटतं, अगंबाई, माझ्या मनातलं यांना कसं कळलं! डोंबलाचं कळलं. तुमचंच तुम्हाला ऐकवलं. आणि तुम्ही पाल्हाळ लावलंत, शब्द तीस अक्षरांत मावले नाहीत (काना, मात्रा, मधली मोकळी जागा, सगळं एकेक अक्षर धरतात), तर त्या जागी मिठूने आधीच लिहून ठेवलेली एक ठरलेली ओळ दिसते. ही ठरलेली ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिठूचं टेबल वरच्या खोलीत, खिडकीशी. खाली दादाचा, म्हणजे माझ्या भावाचा, मिठूच्या वडिलांचा, गाद्यांचा कारखाना. कारखाना आपला म्हणायचा. एक लांबलचक खोली, कापसाचे ढीग, कापडाचे तागे, आणि दादाची कापूस पिंजायची कमान. तिचा टंग टंग आवाज जिन्यातून वर येतो आणि मागोमाग कापसाचे तंतू. सकाळचं ऊन आत आलं की ते तंतू हवेतच थांबतात, खाली पडायचं विसरतात. त्या वेळी असं वाटतं की अख्खं घर पाण्याच्या तळाशी आहे आणि कोणालाच कसली घाई नाही. मी शेंगा निवडत बसते, मिठू चहाचा कप हातात घेते, आणि काल लोकांनी काय काय शोधलं ते मला वाचून दाखवते.

काय काय शोधतात हो माणसं! "ढगासारखी पण उकडणार नाही अशी गादी." "आईकडे होती तशी उशी." "उन्हाचा वास येणारी गादी." एकदा कोणीतरी लिहिलं होतं, "एकट्या माणसाला केवढी गादी लागते." ते ऐकून मी शेंग तशीच हातात धरून बसले. मला तो माणूस दिसायला लागला, पलंगाच्या रिकाम्या बाजूला टेप लावून उभा.

"कोण असेल गं?" मी म्हटलं.

"कोण असेल," मिठू म्हणाली.

असा आमचा तासभर जायचा. ती माणसं कधी आमच्या दारात आली नाहीत, पण मला त्यांची ओळख वाटायची. रस्त्याने जाताना एखाद्याकडे बघून मी मनात म्हणायची, हाच तो उन्हाचा वासवाला.

पण मिठूने एकदा घोळ घातलाच. रोज नवे शब्द हाताने यादीत घालायचा तिला कंटाळा आला, म्हणून तिने अशी सोय केली की लोक जे जे शोधतील ते आपोआप यादीत जावं. यादी आपली आपण वाढेल, आपण निवांत. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी खाली दुकानातला फोन वाजला. दादाने उचलला. पलीकडून एक बाई म्हणाली, "तुमची जाहिरात वाचली. 'झोपेत लाथा मारणारा नवरा, आजच घरपोच.' मला विचारायचं होतं, हा परत करता येतो का?"

दादा गोंधळला. म्हणाला, "बाई, आमच्याकडे फक्त गाद्या मिळतात."

"बरं, अदलाबदल तरी? एक आहे आमच्याकडे. चांगला चालू स्थितीत आहे."

दादा हसला. आधी खुसूखुसू, मग खोकला येईपर्यंत. मी वरून धावत आले, मला वाटलं काय झालं म्हाताऱ्याला. त्याचं हसणं मी आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

आठ वर्षं म्हणजे थोरली घर सोडून गेली तेव्हापासून.

दादाला दोन मुली, थोरली आणि ही मिठू. आई लवकर गेली त्यांची, म्हणून मी इथे राहायला आले. दोघी एका गादीवर झोपायच्या आणि झोपेत एकमेकींना अशा तुडवायच्या की सकाळी एक पलंगाखाली सापडायची. दादाने मग काय केलं, दोघींसाठी एक नवी गादी भरली आणि तिच्या बरोबर मध्ये, डोक्यापासून पायापर्यंत, वीतभर उंच बांध घातला. दोन शेतांच्या मध्ये असतो ना, तसा. "हे रान तुझं, ते तिचं," म्हणाला. लाथा थांबल्या. पण दिवे मालवले की दोघी त्या बांधावर डोकी टेकवून कुजबुजत बसायच्या. बोलायची थोरली, ऐकायची मिठू. तशी गादी दादाने पुन्हा केली नाही, आणि दुसऱ्या कोणी केली असेल असं मला वाटत नाही. कोणाला लागते?

थोरलीचा हात दादासारखा आणि रागही दादासारखाच. दोघंही एका हट्टाची. दादा कावीळ होऊन महिनाभर पडला तेव्हा तिने एकटीने दुकान चालवलं आणि गिऱ्हाईक मागतंय म्हणून फोमच्या गाद्या आणून ठेवल्या. खपल्याही. दादा बरा होऊन खाली आला, पाहिलं, आणि एकही शब्द न विचारता एकेक फोम उचलून रस्त्यावर फेकला. नळाजवळच्या डबक्यात. सगळी गल्ली बघत होती. थोरली दारात उभी राहून तोडीस तोड बोलली, कोणाचंच ऐकलं नाही. शेवटी दादा म्हणाला, "पुन्हा या उंबऱ्यात भांडायला येऊ नकोस."

ती वर गेली, पिशवी भरली आणि निघाली. आणि मी, जी एरवी कावळा बसला तरी दोन वाक्यं बोलते, ती मी काय म्हणाले? "जाऊ दे. भूक लागली की येईल." ते वाक्य मला अजून खातं. नाही आली ती. फोन नंबर बदलला. कोणाकडून तरी कळलं की लग्न केलं, एवढंच.

या वर्षी दादाची नजर फारच गेली. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. टाके बोटांनी चाचपून घालतो, सुई रोज टोचते. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याने जाहीर करून टाकलं, "एवढा हंगाम संपला की पाटी उतरवायची. दुकान सोडायचं, वरच्या खोल्या सोडायच्या, लहान जागा बघायची." मी म्हटलं, बरंच आहे. मिठू मात्र पांढरीफटक पडली. मग ती जे बोलली ते मी कधी विसरणार नाही, कारण ते वाक्य दुसऱ्या कोणाचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. "इथून गेलो तर ताई येणार कुठे?"

दादा ऐकून न ऐकल्यासारखं करून कमान ओढत राहिला. त्याच दिवशी मिठूने दादाच्या दुकानाची जाहिरात सुरू केली. गिऱ्हाईक येत राहिलं तर दादाचं मन बदलेल, ही तिची आशा. मन काही बदललं नाही, पण त्या लाथाळ्या नवऱ्यानंतर मिठूने आपोआप यादी वाढवायची सोय बंद केली आणि लोकांचा एकेक शब्द स्वतः वाचून मगच यादीत घालायला लागली. बरं झालं घोळ झाला. नाहीतर ती ओळ कोणी वाचलीच नसती.

हंगाम संपायला तीन आठवडे उरले होते. सकाळची वेळ. मिठू वाचत होती, मी शेंगा निवडत होते, आणि ती मध्येच थांबली.

"पुढे?" मी म्हटलं.

ती "पुढे" सुद्धा म्हणाली नाही. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे लिहिलं होतं, "दोन मुलींसाठी मध्ये बांध असलेली गादी".

मी चष्मा पुसला, परत वाचलं. खाली कमान वाजत होती. मी उगाच म्हटलं, "अगं, असेल कोणीतरी." पण आम्हा दोघींनाही माहीत होतं की कोण.

कोणी शोधलं ते मिठूला दिसत नाही. फक्त कुठल्या शहरातून, तेवढं कळतं. नदीपलीकडचं मोठं शहर, बसने तीन तास, लाखांनी माणसं. कुठे शोधणार? मिठूने ते शब्द यादीत घातले. "ताईने पुन्हा शोधलं की तिचेच शब्द तिला वर दिसतील," ती म्हणाली. "खाली आपल्या दुकानाचं नाव. तिला कळेल मी वाचलंय."

आम्ही थांबलो. रोज सकाळी मी मिठूच्या आधी उठून चहा टाकायची. पाचव्या दिवशी थोरलीने पुन्हा शोधलं. या खेपेला आणखी लांबण लावली होती, "दोन मुलींना भांडता येणार नाही अशी मध्ये बांध असलेली गादी". लांबलचक बोलायची खोड माझी, तिने उचलली. पण जाहिरातीवर बोट काही ठेवलं नव्हतं. मिठू बराच वेळ बघत बसली, मग बोटांवर अक्षरं मोजली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मावतच नाही गं, आत्या! दोन्ही वेळा मावलं नाही. तिला ठरलेली ओळ दिसली."

"कुठली?"

"'हातशिलाईची कापसाची गादी'."

बघा आता! आठ वर्षांनी पोरीने वळून पाहिलं, तर समोर काय? आपल्याच दुकानाचं नाव आणि वर दादाचा तोच हेका. कापूस! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणावर चिडू, अक्षरांवर?

मिठू म्हणाली, "तिचे शब्द कापून लहान करते, म्हणजे बसतील."

"काही नको," मी म्हटलं. "तिचंच तिला ऐकवून काय होणार? तिचं तिला पाठ आहे. आणि दर वेळी ती काहीतरी नवीन लांबण लावणार. ती ठरलेली ओळ बदल. आपल्याकडचं काहीतरी लिही."

"काय लिहू?"

"तुझ्या मनातलं लिही ना!"

मिठू तासभर त्या रिकाम्या चौकटीसमोर बसून होती. लिहायची, पुसायची. जन्मभर दुसऱ्याचे शब्द दिले तिने, स्वतःचा एक सुचेना. शेवटी रडायलाच लागली, आणि तशीच उठून जिना उतरली. मी मागोमाग.

तिने दादाला सगळं सांगितलं. दादाची कमान थांबली. "पुन्हा वाच," म्हणाला. तिने पुन्हा वाचलं.

"दोन मुली?"

"दोन मुली."

दादाने हातातला कापूस खाली ठेवला. मग विचारलं, "किती अक्षरं मावतात म्हणालीस?"

"तीस."

दादा पुन्हा कमान ओढायला लागला. माझा संयम सुटला. "दादा, तुझा हट्ट तीस अक्षरांत नाही मावायचा, पण निदान—"

"तू गप," दादा म्हणाला. "मिठू, लिही. भांडायला तरी ये."

मिठूने तिथेच उभं राहून फोनवर लिहिलं. मोजलं. "अजून पंधरा उरतात, बाबा."

"राहू देत. तिला उत्तर द्यायला लागतील."

आता झालं काय, ठरलेली ओळ काही एका थोरलीसाठी नसते. गादी शोधताना जो जो पाल्हाळ लावेल त्या प्रत्येकाला आमचं दुकान सांगायला लागलं, "भांडायला तरी ये". फोनवर फोन. एक आजोबा म्हणाले, "मी तुमच्याशी का भांडू? माझं तुम्ही काय वाकडं केलंय?" एक जोडपं आलं, मऊ की कडक यावरून आमच्या ओट्यावर बसून तासभर खरंच भांडलं आणि दोन वेगळ्या गाद्या सांगून हसत गेलं. एक निवृत्त मास्तर आले. त्यांना गादी नकोच होती. म्हणाले, घरी आता भांडायला कोणी नाही. दादाने त्यांना बसायला कापसाचा गठ्ठा दिला, दोघं रेडिओच्या आवाजावरून वाद घालत बसले. मी जिन्यात उभी राहून बघायची. एवढे दिवस ज्यांना मनात बघितलं ती माणसं दारातून आत येत होती, अंगावर कापूस घेऊन बाहेर जात होती. ते दिवस मला अजून खरे वाटत नाहीत. फक्त जिच्यासाठी ओळ लिहिली ती येत नव्हती. ओळ बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने एकदा शोधलं होतं, आणि मग सकाळच्या यादीतून बांध गेला होता. तिने शोधणंच थांबवलं होतं.

दोन आठवडे गेले. रविवारी सामान हलवायला टेम्पो सांगितला होता. मिठू खोकी बांधत होती आणि कोणाशी बोलत नव्हती. मी विचारायची, "चहा घेतेस?" तर "चहा घेतेस" एवढंही नाही.

गुरुवारी सकाळी, अकराचा सुमार, मी शिवलेल्या खोळी घेऊन जिना उतरत होते. दादा दाराकडे पाठ करून टाके घालत होता. दारातलं ऊन कोणीतरी अडवलं.

"कोण?" दादा म्हणाला.

"गिऱ्हाईक."

खोळी छातीशी धरून मी पायरीवर खाली बसले. तोंड उघडलं, पण या जन्मात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही.

दादाची सुई थांबली. मान न वळवता म्हणाला, "काय पाहिजे?"

"मध्ये बांध असलेली गादी."

"कोणासाठी?"

"दोघी आहेत. एक सहाची, एक चारची. रोज एकमेकींना तुडवतात."

तिच्या मागून दोन डोकी आत डोकावली. तेवढ्यात त्यांच्या केसांत कापूस बसलासुद्धा होता. दादा उठला, टेप शोधायला लागला. गठ्ठ्यावर, खोळीखाली, फळीवर. टेप त्याच्याच गळ्यात होता. मग तो टेपही सोडून दिला, कारण आकडे दिसतात कुठे त्याला? खाली बसला, म्हणाला, "या गं दोघी, पुढे या," आणि एकेकीला टाचेपासून डोक्यापर्यंत वितेने मोजलं. धाकटीच्या डोक्यावर हात आला तो तिथेच राहिला.

"ओळ वाचलीस ना?" तो थोरलीला म्हणाला. आवाज चिरकत होता. "मग भांड की."

"आधी माप घ्या, बाबा," थोरली म्हणाली. तीही रडत होती. "मग भांडते."

"पंधरा दिवस लागतील."

मला एकदाचा आवाज फुटला. "दादा, रविवारी टेम्पो येतोय."

"मग त्याला फोन कर आणि नको म्हणून सांग!" दादा माझ्यावर खेकसला, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आवाज ऐकून मिठू खाली आली. शेवटच्या पायरीवर थांबली. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "मिठू, बरी आहेस ना?"

आम्ही सगळे वाट बघत होतो, आता ही म्हणणार, बरी आहेस ना.

"नाही!" मिठू ओरडली. "नाहीये मी बरी! आठ वर्षं! भांडण बाबांशी होतं ना तुझं? मी काय केलं होतं? मला साधा एक फोन? त्या गादीवर अजून मी माझ्याच बाजूला झोपते, कळतंय का तुला? बांध ओलांडला नाही मी!" आणि ती जी सुटली ती सुटलीच. आठ वर्षांचं सगळं, वाढदिवस, ताप, बाबांचे डोळे, एकेक काढून तिने थोरलीच्या अंगावर फेकलं. थोरली ऐकत उभी राहिली, एकदाही मध्ये बोलली नाही. दादा दोन्ही नातींना दोन बाजूंना घेऊन कापसात बसला होता.

धाकटीने माझी साडी ओढली. हळूच विचारलं, "ही मावशी नेहमी एवढी बोलते?"

"नाही गं राणी," मी म्हटलं. "आज पहिल्यांदाच बोलतेय." आणि तिला उचलून कडेवर घेतलं.